बॅरिअॅट्रिक ऑपरेशननंतर घरी आल्यावर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय काय करायचं

वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं की सगळे प्रश्न पोटाचेच असतात. टाके किती पडणार, खायला कधी मिळणार, केस गळतात का, परत वजन वाढतं का. मी पण हेच विचारलं होतं. पायाबद्दल एक प्रश्नसुद्धा डोक्यात आला नव्हता आणि मला त्रास झाला तो नेमका पायाचाच. पुण्यात स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन झालं, तेव्हा वय ४१, वजन ११८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४६. पोट अगदी व्यवस्थित भरून येत होतं आणि अकराव्या दिवशी सांगलीत घरी असताना डाव्या पोटरीत गुठळी सापडली. वेळेत सापडली म्हणून तीन महिन्यांच्या औषधांवर निभावलं. तेव्हापासून ओळखीत कुणाचं हे ऑपरेशन ठरलं की मी फोन करून तासभर बोलते, तेच सगळं आज एका जागी लिहून काढतेय. इंजेक्शनचा डोस, किती दिवस घ्यायचं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण घरी आल्यावरचा जो महिना असतो ना तो तुमच्या आणि घरच्यांच्या हातात असतो, त्याबद्दल हे लिहिणं आहे.

आधी हे नीट समजून घ्या की घाबरवायचं म्हणून मी हे सांगत नाहीये. काळजी घेतली तर ऑपरेशन झालेल्या शंभर लोकांत जेमतेम एखाद्याला, बऱ्याचदा त्याहून कमी लोकांना असा त्रास होतो. पण पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं आणि या ऑपरेशननंतर जे थोडे मृत्यू होतात त्यांच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे बहुतेक गुठळ्या हॉस्पिटलमध्ये होत नाहीत, डिस्चार्ज घेऊन घरी आल्यावर होतात, पहिल्या महिनाभरात. म्हणजे सिस्टर नाहीत, डॉक्टरांचा राउंड नाही, सगळे म्हणतायत आता कसं छान झालं, त्याच दिवसांत.

गुठळी होते कशी

हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण परत वर आणायचं काम बरंचसं पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं आणि शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. आपण पडून राहिलो की हा पंप बंद. रुडॉल्फ विरचो नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८५६ च्या सुमारास यावर मोठं काम केलं, आणि आजही गुठळीची जी तीन कारणं शिकवतात ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. रक्त साचून राहणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठायची ओढ वाढणं.

आपल्या ऑपरेशनमध्ये तिन्ही गोष्टी जमून येतात. दुर्बिणीतून करताना पोटात गॅस भरतात, त्याचा दाब शिरांवर येतो, वर टेबल डोक्याकडून उंच करतात म्हणजे रक्त पायाकडे उतरतं, आणि आपण भुलीत निपचित पडलेलो. जास्त वजनामुळे पोटातला दाब आधीच जास्त असतो आणि रक्तही थोडं गोठायच्या बाजूला झुकलेलं असतं. शिवाय कुठलंही मोठं ऑपरेशन झालं की रक्तस्राव होऊ नये म्हणून शरीर पुढचे काही आठवडे गोठायची यंत्रणा जोरात चालू ठेवतं. म्हणून पोटावरचे टाके सुकले म्हणजे हा धोका संपला असं होत नाही.

ऑपरेशनच्या आधीच सांगून टाकायच्या गोष्टी

आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, आईवडील भावंडांत कुणाला झाली असेल, वारंवार गर्भपात झाले असतील, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा घोट्याजवळ कातडी काळी पडली असेल तर न विचारता सांगा. बीएमआय ५० च्या वर असेल, वय ६० च्या पुढे असेल, झोपेत श्वास अडकायचा त्रास असेल, गुडघ्यांमुळे मुळातच चालणं कमी असेल तर तुम्ही जास्त जोखमीत येता आणि डॉक्टर घरी जाताना इंजेक्शन वाढवून देऊ शकतात. किडनीचा काही त्रास असेल तर तोही, कारण ही इंजेक्शनं किडनीवाटे बाहेर पडतात.

बायकांसाठी एक गोष्ट खास सांगते कारण ही हमखास राहून जाते. गर्भनिरोधक गोळ्या आणि पाळी गेल्यावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्या गुठळीची शक्यता वाढवतात, त्या साधारण महिनाभर आधी बंद करायला सांगतात. पण आपल्याकडे गणपती आले, घरात पूजा आहे, लग्न आहे म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास आणतात आणि त्याला कुणी औषध म्हणून धरतच नाही! त्या पण हार्मोनच्याच गोळ्या आहेत. ऑपरेशनच्या आधी आणि नंतरच्या महिन्यात त्या स्वतःच्या मनाने अजिबात घ्यायच्या नाहीत, घेतल्या असतील तर डॉक्टरांना सांगायचं. आणि वजन उतरायला लागलं की दिवस राहायची शक्यता वाढते, डॉक्टर मात्र वर्ष दीड वर्ष थांबायला सांगतात, म्हणून तांबीसारखा हार्मोन नसलेला उपाय आधीच ठरवून ठेवा.

सिगारेट, विडी बंद. तंबाखू, मशेरी लावत असाल तर लाजू नका, सांगा. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मावशींनी मशेरीचं शेवटपर्यंत लपवलं आणि नंतर ऑपरेशन झालेल्या पोटाने हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये चोरून लावत होत्या, मला इतकं वाईट वाटलं.

हॉस्पिटलमधले दोन तीन दिवस

इथे फार काही लिहीत नाही कारण तिथे माणसं असतात. पायाला हवेच्या पिशव्या लावतात, त्या आळीपाळीने फुगतात आणि पोटरी दाबतात, आवाजाने झोप लागत नाही म्हणून काढून टाकू नका. ऑपरेशनच्या दिवशीच, भूल उतरल्यावर काही तासांत सिस्टर उभं करतात आणि चालवतात. तेव्हा नको नको वाटतं, गॅसमुळे खांदे दुखत असतात, तरी उठा. चालल्याने ते खांद्याचं दुखणंही हलकं होतं. तीन बॉलचं, श्वास आत ओढून बॉल वर उचलायचं यंत्र देतात ते फुप्फुसासाठी असतं, ते केलं म्हणजे पायाचं काम झालं असं समजू नका.

डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. इंजेक्शन कोणतं, किती वाजता, कोणत्या तारखेपर्यंत. आणि रात्री दोन वाजता काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा. माझ्या डिस्चार्ज कार्डवर इंजेक्शनचं नाव औषधांच्या यादीत सातव्या नंबरला होतं, जीवनसत्त्वाच्या गोळीच्या खाली, मला ते तितकंच महत्त्वाचं वाटलं.

घरी जायचा प्रवास

इथे माझी पहिली चूक झाली. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि कधी एकदा घरी पोचतो असं झालेलं. पुणे ते सांगली, मागच्या सीटवर उशा लावून मला अर्धवट आडवी केली, खंबाटकी उतरलो, सातारा गेलं, कराड गेलं, गाडी थांबवली नाही कारण सगळ्यांना वाटत होतं हिला हलवायला नको. लघवीला लागू नये म्हणून मी पाणीही प्यायले नाही. साडेचार पाच तास पाय वाकवून, कोरडी.

बाहेरगावाहून ऑपरेशनला येणार असाल तर शक्य असेल तर आठवडाभर हॉस्पिटलच्या जवळ नातेवाइकांकडे राहा. शक्य नसेल तर गाडी दर तासाला थांबवायची म्हणजे थांबवायचीच, उतरून पाच मिनिटं चालायचं. पुढच्या सीटवर बसा, सीट मागे सरकवून पाय लांब करा, बाटली हातात ठेवा, घोट घोट पीत राहा. लघवीसाठी थांबावं लागलं तर चांगलंच आहे, तेवढंच चालणं होतं. रात्रीच्या एसटीने किंवा स्लीपर बसने जाऊ नका. विमानाचा लांबचा प्रवास, विशेषतः परदेशातून खास ऑपरेशनला आलेल्यांनी, परतीचं तिकीट काढायच्या आधी सर्जनला विचारून घ्या, साधारण पहिला महिना टाळायला सांगतात.

घरी आल्यावर: आराम हा शब्द बाजूला ठेवा

आपल्याकडे ऑपरेशन झालं की माणसाला बाळंतिणीसारखं झोपवून ठेवतात, आणि ते प्रेमापोटी असतं. माझी आई तर मी कॉटवरून पाय खाली सोडला की स्वयंपाकघरातून धावत यायची, अगं उठू नकोस, टाक्यांवर ताण येईल, काय हवंय ते सांग मी देते ना. तिला मी दोष देत नाही, तिने आयुष्यभर आजारी माणसाची सेवा अशीच केलीय. पण या ऑपरेशननंतर पडून राहणं हेच घातक आहे हे घरातल्या सगळ्यांना एकदा बसवून सांगायला पाहिजे, आणि शक्य असेल तर डॉक्टरांच्या तोंडून, कारण आपलं कुणी ऐकत नाही.

नंतर, म्हणजे गुठळी झाल्यावर, आम्ही घरात एक पद्धत बसवली ती सांगते, कारण मला वाटतं या सगळ्या लिखाणातली सर्वात उपयोगाची गोष्ट हीच आहे. स्लीव्ह किंवा बायपासनंतर (हृदयाचं नव्हे, वजन कमी करायचं पोटाचं बायपास) घटाघटा पाणी पिता येत नाही, पोट एवढंसं झालेलं असतं. औषधाच्या बाटलीवर ते मापाचं टोपण असतं ना, ३० मिलीचं, तेवढंच पाणी पंधरा मिनिटांत सावकाश संपवायचं. म्हणजे तासाला चार टोपणं, १२० मिली. सकाळी सात ते रात्री नऊ असे १४ तास धरले तर १,६८० मिली होतात, बहुतेक डॉक्टर दीड ते दोन लिटर सांगतात त्यात ते बसतं. आता आम्ही काय केलं, पाण्याचा तांब्या माझ्या उशाशी ठेवणं बंद केलं. ओट्यावर तांब्या, माझ्याकडे फक्त एक स्टीलचं फुलपात्र, त्यात चार टोपणं मोजून ओतायची, तेवढं एका तासाचं पाणी. ते संपलं की मी स्वतः उठून ओट्यापर्यंत जायचं, हॉलमधून गॅलरीत, परत स्वयंपाकघरात अशा पाचसात मिनिटं फेऱ्या मारायच्या आणि फुलपात्र भरून परत यायचं. आईचं काम हे की मी उठले नाही तर तिने मला आठवण करायची, पाणी मात्र आणून द्यायचं नाही. तिने फ्रिजवर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला १४ चौकोन आखले आणि प्रत्येक फेरीला एक फुली मारायची. पाणी आणि चालणं दोन्ही एका फुलीत. तिला सेवा करायला काहीतरी मिळालं आणि माझे पाय हलत राहिले.

चालणं म्हणजे धावपळ नाही. पहिल्या आठवड्यात आपल्या घरातल्या घरात, सावकाश, दम न लागता. दिवसातून एकदाच अर्धा तास चालून बाकी दिवस पडून राहण्यापेक्षा दर तासाला पाच मिनिटं हे जास्त चांगलं. दुसऱ्या आठवड्यापासून अंगणात, गल्लीत. जड उचलायचं नाही, पाण्याची कळशी, नातवंडं, काहीच नाही. रात्री मुद्दाम उठायची गरज नाही, पण बाथरूमला उठलात की दोन फेऱ्या मारून झोपा.

पडलेलं किंवा बसलेलं असताना घोटा हलवायचा. चवडा आपल्याकडे ओढायचा, मग लांब ढकलायचा, पोटरी ताठ झाल्याचं जाणवलं पाहिजे, असं तासाला वीस वेळा. टीव्हीवर जाहिरात लागली की सुरू करायचं असं मी ठरवलं होतं. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका, बरं वाटतं पण गुडघ्यामागची शीर दाबली जाते. तसंच मांडी घालून किंवा पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसू नका, पोथी वाचायला बसलात तरी मध्ये उठा.

पाण्याबद्दल अजून थोडं

शरीर कोरडं पडलं की रक्त दाट होतं, आणि स्लीव्हनंतर पोटातल्या, लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत सुद्धा गुठळी होऊ शकते, त्यालाही कोरडं पडणं कारणीभूत ठरतं. साधं पाणी जात नसेल तर शहाळ्याचं पाणी, पातळ गाळलेलं ताक, वरणाचं पाणी, मुगाचं कढण, जे तुमच्या आहारतज्ज्ञांनी दिलंय ते सगळं द्रवात मोजलं जातं. चहा कॉफीवर भागवू नका. पुढे पातळ जेवण सुरू झालं की जेवताना पाणी नको, आधी नंतर अर्धा तास सोडून. लघवी फिकट हवी. शेंगतेलासारखी पिवळीजर्द किंवा त्याहून गडद झाली, उभं राहिल्यावर चक्कर आली तर पाणी कमी पडतंय. आणि सारखी उलटी होऊन पाणी पोटात राहतच नसेल तर घरी बघत बसू नका, हॉस्पिटलला जाऊन सलाईन लावून घ्या, एक दिवससुद्धा काढू नका.

पोटातली इंजेक्शनं

बहुतेकांना हेपरिन गटातलं इंजेक्शन देतात, जास्त करून एनॉक्सापॅरिन, ४० किंवा ६० मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज मिळते, दिवसातून एकदा किंवा दोनदा. घरी साधारण दोन ते चार आठवडे चालतं, जोखीम कमी असेल तर काहींना घरी देतच नाहीत. याला रक्त पातळ करायचं इंजेक्शन म्हणतात पण रक्त पाण्यासारखं वगैरे होत नाही, गोठायची क्रिया मंदावते इतकंच. हे औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं, कुणाला धर्माच्या किंवा शाकाहाराच्या दृष्टीने अडचण वाटत असेल तर ऑपरेशनच्या आधी बोला, फोंडापॅरिनक्ससारखं प्रयोगशाळेत तयार होणारं औषधही असतं, ते तुम्हाला चालेल का ते डॉक्टर सांगतील. घरी येऊन गुपचूप बंद करू नका.

माझी दुसरी चूक हीच. पोटावर काळेनिळे डाग पडायला लागले, एक तर रुपयाच्या नाण्याएवढा, मी घाबरले आणि सहाव्या सातव्या दिवशी इंजेक्शन घेतलंच नाही, कुणाला बोलले पण नाही. त्यामुळेच गुठळी झाली असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, प्रवास होता, पाणी कमी होतं, सगळंच होतं. पण तो विचार अजून जात नाही माझ्या मनातून. लहान डाग पडणं नेहमीचं आहे. डाग पसरत असेल, गाठ मोठी होत असेल तर फोन करा, पण इंजेक्शन स्वतःहून थांबवू नका.

टोचायचं कसं ते डिस्चार्जच्या आधी सिस्टरसमोर एकदा स्वतः करून बघा, नुसतं बघून येऊ नका. हात साबणाने धुवायचे. टेकून बसायचं म्हणजे पोट सैल राहतं. बेंबीपासून दोन इंच सोडून बाजूची जागा, टाक्यांपासून आणि आधीच्या डागांपासून लांब, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं, ओलं असताना टोचलं तर जळजळतं. सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा दिसतो, पूर्ण सिरिंज घ्यायची असेल तर तो काढायचा नाही, काढायला गेलात तर औषध सांडतं. कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ उभी पूर्ण आत, औषध हळूहळू ढकलायचं आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडायची नाही. नंतर कापूस हलका दाबायचा, चोळायचं नाही, चोळलं की डाग पडतोच. माझ्या नवऱ्याचा पहिल्या दिवशी हात थरथरत होता, त्याने चिमटी आधीच सोडली आणि चोळलं पण, तोच तो नाण्याएवढा डाग.

वेळ ठरलेली ठेवा, मोबाईलला गजर लावा. एखादं चुकलं तर डॉक्टरांना विचारा, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम कधीच घ्यायची नाहीत. वापरलेल्या सुया घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका आणि फॉलोअपला जाताना हॉस्पिटलमध्ये द्या, कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हातात ती सुई जायला नको. इंजेक्शन जास्त दिवस चालणार असेल तर प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) तपासायच्या का हेही विचारून घ्या, क्वचित या औषधाने त्या उतरतात.

ही इंजेक्शनं चालू असताना ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन मनाने घ्यायचं नाही. रक्तस्राव वाढतो आणि नव्या छोट्या पोटात अल्सर होतो. दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल. शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, उलटीत रक्त आलं, हिरड्यांतून रक्त थांबेना तर लगेच कळवा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट, घाण वासाची नसते. सुई नको म्हणून कुणा नातेवाइकाच्या हृदयासाठीच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊ नका, पोटाची रचना बदलल्यावर गोळ्या किती शोषल्या जातात ते बदलतं. आणि लसूण, आलं, हळदीचा काढा पिऊन गुठळी टळते असे जे मेसेज फिरतात त्यांच्या भरवशावर इंजेक्शन सोडू नका. एका काकूंनी मला लसणाची चटणी बरणी भरून पाठवली होती, मायेने, मी ती बाकीच्यांना वाटून टाकली.

मोज्यांचं थोडक्यात. डॉक्टरांनी घट्ट मोजे सांगितले असतील तर सकाळी उठल्या उठल्या पोटरी आणि मांडी मोजून साइज घ्या. आपले पाय जाड असतात, वरची कड गुंडाळली जाते आणि दोरीने बांधल्यासारखी रुतते, त्याने उलट रक्त अडतं. सुरकुत्या नकोत, कड दुमडायची नाही, रोज काढून कातडी बघायची, बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर उतरवा. बसतच नसतील तर ओढून ताणून घालू नका, सांगा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर विचारल्याशिवाय घालूच नका. आणि मोजे घातले म्हणून चालणं, इंजेक्शन सुटत नाही.

कधी धावत जायचं

अकराव्या दिवशी सकाळी माझी डावी पोटरी ताठरली. मला वाटलं वांब आलाय, रात्री पाय अवघडला असेल. आई तेल कोमट करून घेऊन आली, चोळते म्हणाली. तेवढ्यात नवऱ्याचं लक्ष गेलं की डाव्या पायातलं पैंजण रुतलंय आणि उजव्यातलं सैल आहे. टेपने मोजलं तर डावी पोटरी तीन सेंटिमीटर जास्त. हात लावला तर कोमट. त्याने आईच्या हातातली वाटी बाजूला ठेवली आणि आम्ही थेट निघालो. डॉप्लरच्या, म्हणजे पायाच्या शिरा बघायच्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टर मांडीपासून खाली एकेक ठिकाणी प्रोब दाबत जात होते, दाबलं की शिरेचा काळा गोल मिटायचा, सोडलं की उघडायचा, मिटायचा, उघडायचा, आणि गुडघ्याच्या खाली एका जागी त्यांनी दाबलं तर तो मिटलाच नाही. त्यांनी परत दाबलं. मलाही स्क्रीन दिसत होती, त्यांना काही बोलावं लागलं नाही.

तर हे लक्षात ठेवा. एकाच पायाला सूज, पोटरीत किंवा मांडीत दुखणं, गरमपणा, रंग बदलणं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, जांभळट किंवा चमकदार, ताणलेली दिसते. असं काही वाटलं तर पाय चोळायचा नाही, मालिश नाही, शेक नाही, त्याच दिवशी डॉप्लर. उद्या बघू नको.

अचानक धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ येणं, खोकल्यात रक्त, चक्कर येऊन पडणं, छाती विनाकारण धडधडणं, हे झालं तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, तेव्हा १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या. वाटेत फॅमिली डॉक्टरकडे थांबून अॅसिडिटीचं इंजेक्शन घेऊ नका. आणि पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा की इतक्या दिवसांपूर्वी बॅरिअॅट्रिक ऑपरेशन झालंय. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात कुठेतरी पडला असेल, तो शोधून सेल बदलून ठेवा. शांत बसलेलं असताना नाडी १२० च्या वर राहिली किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर थांबू नका, नाडी वाढणं हे पोटातल्या टाक्यांतून गळती झाल्याचंही लक्षण असतं, तेही तितकंच तातडीचं. पण आकडे चांगले आहेत म्हणून त्रास होत असताना घरी बसायचं असाही अर्थ काढू नका. तसंच पोटात वाढत जाणारं, न थांबणारं दुखणं असेल तरी जायचं, ती पोटातल्या शिरेची गुठळी असू शकते.

गुठळी सापडलीच तर घाबरून हातपाय गाळू नका. उपचार असतात, ऑपरेशनमुळे झालेल्या गुठळीला बहुतेक वेळा तीन महिने औषध देतात, माझं तसंच झालं, आणि चालणं बंद होत नाही उलट चालायलाच सांगतात.

एक शेवटचं. पुढे आयुष्यात कुठलंही ऑपरेशन, बाळंतपण, पाय प्लास्टरमध्ये, काहीही असलं तरी तिथल्या डॉक्टरांना ही गुठळी झाली होती हे सांगायचं असतं. झपाट्याने वजन उतरल्यावर पित्ताशयात खडे होणं बऱ्याच जणांना होतं, मलाही झाले, दीड वर्षांनी पित्ताशय काढायला परत टेबलावर जावं लागलं. तेव्हा फाइल उघडल्यावर पहिलंच पान आईने लाल पेनने लिहिलेलं होतं, डाव्या पायात गुठळी, तारीख, इंजेक्शनचं नाव, किती दिवस घेतलं. सर्जननी ते वाचलं आणि या वेळी इंजेक्शन पहिल्या दिवसापासून, घरी जाताना लिहून सुद्धा दिलं. घरी पोचले तर ओट्यावर तांब्या भरलेला होता आणि फ्रिजवर नवे चौदा चौकोन आखून ठेवले होते.